जुन्या इंजिनाला नवा दम

“आत्या, बाबाला आता तूच समजाव. एकशे पस्तीसच हवेत म्हणतोय!”

गेल्या रविवारी इंग्लंडहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला, तो या तक्रारीनेच सुरू झाला. माझा मामेभाऊ आणि त्याची ही एकोणीस वर्षांची लेक दोन वर्षांपासून घरच्या गॅरेजमध्ये एक मोटार बांधतायत. सांगाडा, पत्रे, चाकांची जोडणी असं सगळं किट म्हणून सुट्या भागांत आलंय. इंजिन मात्र जुनं आहे, १९७०च्या दशकातल्या एका फोर्ड गाडीतून काढलेलं. त्याचा मूळ जोर ८४ अश्वशक्ती. भावाला तो १३५वर न्यायचा आहे. लेकीचं म्हणणं, त्या पैशांत आधी चांगले ब्रेक घेऊ.

बापलेकीचं भांडण मिटवायला मी बसले खरी, पण त्या निमित्ताने जुन्या इंजिनाचा जोर वाढतो कसा, हे तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

घरी बांधायची मोटार

ब्रिटनमध्ये हा छंद जुना आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची छोटी, उघडी, दोन माणसांची गाडी आणली. तयार गाडीवर तिथे तेव्हा खरेदी कर बसायचा. सुटे भाग घेऊन घरी जोडले, तर तो वाचायचा. त्यामुळे हौशी लोकांनी ही गाडी घरीच बांधली. १९७३ साली ती बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि तिची परंपरा आजही चालू आहे. भावाची गाडी त्याच घाटाची आहे.

या गाडीचं सगळं गुपित तिच्या वजनात आहे. ती आपल्या मारुती ८००पेक्षाही हलकी असते. म्हणून ८४ अश्वशक्तीसुद्धा तिला पुरून उरते.

भावाचं इंजिन फोर्डच्या ‘केंट’ घराण्यातलं. या घराण्याची सुरुवात १९५९च्या अँग्लिया गाडीपासून झाली. तेव्हा ते ९९७ सीसीचं होतं. १९६७मध्ये त्याचं नवं हेड आलं. त्यात हवा-पेट्रोल एका बाजूने आत जातं आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. म्हणून नाव पडलं ‘क्रॉसफ्लो’. भावाचं इंजिन त्यातलं १६०० सीसीचं. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, खाली कॅमशाफ्ट, पुशरॉड, कार्ब्युरेटर. ज्यांच्या घरी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर होती, त्यांना हा सगळा संसार ओळखीचा वाटेल.

आधी तब्येत तपासा

जुनं इंजिन आणल्यावर पहिलं काम नवीन भाग घेण्याचं नसतं, मोजण्याचं असतं. भावाने चारही सिलिंडरचा दाब मोजला. तीन जवळपास सारखे निघाले, चौथा कमी. उघडून पाहिलं तर आतली भिंत झिजलेली. म्हणजे बोअर करणं आलंच. प्रश्न उरला तो किती करायचं याचा.

या इंजिनाचा मूळ बोअर सुमारे ८१ मिलिमीटर. झीज जाईल इतकाच थोडा वाढवून, त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा बसवता येतात. किंवा एकदम ८३.५ मिलिमीटरपर्यंत जाता येतं, मग इंजिन १७०० सीसीचं होतं. भावाचं मन अर्थातच दुसऱ्या पर्यायावर.

पण तिथे दोन अडचणी आहेत. प्रत्येक ब्लॉकची भिंत इतका धातू काढू देण्याएवढी जाड नसते, ती आधी मोजून घ्यावी लागते. आणि एकदा इतकं कोरलं की पुढच्या झिजेसाठी धातू फारसा उरत नाही. पुढच्या खेपेला लायनर बसवावे लागतात किंवा दुसरा ब्लॉक शोधावा लागतो.

शिवाय हिशेब करा. १६००चे १७०० झाले, म्हणजे वाढ साधारण सहा टक्के. नुसत्या सहा टक्क्यांत ८४चे १३५ होतील का? नाही. मग बाकीचा जोर येतो कुठून?

जोर श्वासात आहे

इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी जास्त हवा आत घेईल, तितकं जास्त पेट्रोल जाळू शकेल. धावणाऱ्या माणसाचे पाय कितीही मजबूत असले, तरी नाक चोंदलेलं असेल तर तो धापा टाकणारच. इंजिनाचंही तसंच.

केटरहॅमने स्वतः हेच इंजिन तीन रूपांत विकलं होतं. साधं १६०० जीटी ८४ अश्वशक्तीचं, १६०० स्प्रिंट ११०चं आणि १७०० सुपरस्प्रिंट १३५चं. मधला आकडा नीट पाहा. सीसी तीच, बोअर तोच, तरी २६ अश्वशक्ती वाढल्या. त्या आल्या सुधारलेल्या हेडमधून, वेगळ्या कॅमशाफ्टमधून आणि दोन वेबर कार्ब्युरेटरमधून.

हेडमध्ये हवेच्या वाटा घासून मोकळ्या करतात. कॅमशाफ्ट बदलला की वॉल्व जास्त उघडतात आणि जास्त वेळ उघडे राहतात. पण इथे हाव नडते. शर्यतीचा कॅम बसवला, तर वरच्या फेऱ्यांवर इंजिन गरजतं आणि सिग्नलला उभं असताना थरथरून बंद पडतं. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मध्यम कॅमच बरा.

दाब वाढवतानाही जपावं लागतं. या इंजिनाचं हेड सपाट असतं. पेट्रोल पेटण्याची खोलगट जागा असते पिस्टनच्या माथ्यावर. त्यामुळे दाब किती वाढणार, हे बरंचसं पिस्टनच्या निवडीवर ठरतं. प्रमाणाबाहेर वाढवला, तर पेट्रोल अवेळी पेटतं, इंजिन ठोके देतं आणि शेवटी पिस्टनच फुटतो.

पन्नास वर्षांत पेट्रोल बदललं

हे इंजिन बनलं तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते शिसं वॉल्वच्या बैठकीला झिजेपासून वाचवायचं. ब्रिटनमध्ये २०००च्या सुरुवातीला शिसंयुक्त पेट्रोलची सर्रास विक्री थांबली, आपल्याकडेही त्याच वर्षी. म्हणून हेड उघडलंच आहे, तर एक्झॉस्ट वॉल्वसाठी कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडे तर वीस टक्क्यांपर्यंत गेलंय. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधली रबरं त्याने सुजतात, चिरतात. गरम इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पडला तर काय होईल, ते सांगायला नको. पाइप बदलण्याचा खर्च किरकोळ आहे, तो टाळू नये. तुमच्या घरी जुनी स्कूटर असेल, तर हा सल्ला तुम्हालाही लागू आहे.

मग नवंच इंजिन का नको?

हा प्रश्न मीही विचारला. भाऊ प्रामाणिकपणे म्हणाला, “पैशांचा हिशेब केला तर नवंच स्वस्त पडेल.” फोर्डचंच १९९०च्या दशकातलं दोन लिटरचं झेटेक इंजिन कारखान्यातून निघतानाच साधारण १३० अश्वशक्तीचं असायचं. भंगारातून आणलं की झालं.

पण ते उंच असतं, खालची ऑइलची टाकी कापून आखूड करावी लागते, माउंटिंग बदलावं लागतं, इंजेक्शनसाठी संगणक आणि वायरिंग लागतं. शिवाय घरी बांधलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणीतून जावं लागतं आणि तिथे धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते. इंजिन ऑगस्ट १९७५च्या आधीचं आहे हे कागदाने सिद्ध केलं, तर डोळ्यांना दिसणारा धूर नसला म्हणजे पुरतं. नव्या इंजिनाला कडक मोजमाप.

आणि भावाचं खरं कारण वेगळंच होतं. “लेकीला प्रत्येक भाग हातात घेऊन दाखवता येतो. संगणकाचा डबा उघडून काय दाखवू?”

लेकीचं म्हणणं

भाची गप्प बसणारी नाही. तिने फळ्यावर एक साधं गणित मांडलं होतं. वेग दुप्पट झाला, तर ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. वाढलेला जोर नुसता इंजिनात राहत नाही. तो क्लचवर, गिअरबॉक्सवर, मागच्या अॅक्सलवर जातो. जास्त पेट्रोल जळतं म्हणजे जास्त उष्णता, म्हणजे मोठा रेडिएटर. विमा कंपनीला बदल कळवावे लागतात, हप्ता वाढतो. यातलं एकही काम मागाहून करू म्हणून चालत नाही.

“बाबा, त्या गाडीत तुझ्या शेजारी मीच बसणार आहे,” ती म्हणाली. त्यावर भावाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आपल्याकडे?

भारतात मात्र हा प्रयोग रस्त्यावरच्या गाडीवर करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलं. जुनी गाडी मूळ रूपात नीट करून वापरणं वेगळं, जोर वाढवणं वेगळं. शंका असेल तर आधी आरटीओत विचारा, मग मेकॅनिककडे जा.

शेवटी काय ठरलं?

बोअर झिजेपुरताच करायचा, सीसी १६००च्या आसपासच ठेवायची. क्रँक तपासून नवीन बेअरिंग, कडक वॉल्व सीट, मध्यम कॅम, दोन वेबर. प्लॅटिनम पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. लक्ष्य ११०च्या आसपास. वाचलेल्या पैशांत मोठा रेडिएटर आणि पुढचे नवे ब्रेक.

पहिल्यांदा सुरू करताना मला कॉल करणार आहेत. नवीन कॅम बसवला की इंजिन सुरू होताच सावकाश चालू ठेवायचं नसतं. सुमारे वीस मिनिटं दोन हजारांवर फेऱ्या ठेवायच्या, म्हणजे कॅमला भरपूर ऑइल मिळतं आणि तो टॅपेटशी नीट बसतो. ती वीस मिनिटं हुकली, तर महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

भाचीने सांगून ठेवलंय, तेव्हा अॅक्सिलरेटर ती धरणार आणि बाबा घड्याळ बघणार. भाऊ यावर काही बोलला नाही. याचा अर्थ ठरलंय.