प्रवाळांचे रक्षण कोणी करायचे?

दापोली तालुक्यातील मुरुडला (हे जंजिऱ्याचे मुरुड नव्हे) पर्यटक येतात ते वाळूच्या विस्तीर्ण किनाऱ्यासाठी. शेजारच्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव रंगतो. परंतु ती मासळी ज्या समुद्रात वाढते, त्याच्या तळाशी काय चालले आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

कोकणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती ते आढळतात, तर विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर आत, आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर त्यांची मोठी वसाहत आहे. प्रवाळ हा प्राणी असून त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की शैवालाची साथ सुटते, प्रवाळ पांढरे पडतात आणि ताप टिकला तर मरतात. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील अशा चौथ्या आपत्तीची घोषणा केली. प्रवाळांच्या आश्रयाने असंख्य माशांची पिल्ले वाढतात; त्यामुळे ही हानी अखेर मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचते.

कायदा नाही असे नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले आणि 2001 साली प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. तथापि, मासेमारीवर बंदी येईल या भीतीने मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्यास दीर्घकाळ विरोध केला. आम्हांस ही भीती अनाठायी वाटत नाही. रापण ओढून पोट भरणाऱ्याला नियम आणि पर्यटकांच्या नौकांना मोकळीक, असा न्याय कोणाला पटेल? आंग्रियाची अडचण वेगळी आहे: राज्याची सागरी हद्द 12 सागरी मैलांवर संपते, त्यामुळे तेथील जबाबदारी केंद्र सरकारची ठरते.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रवाळखडकांच्या ऱ्हासाची नोंद घेतली आहे. समुद्र तापण्याचे कारण एका गावाच्या हाती नाही, हे खरे. परंतु प्रवाळांवर नांगर न टाकणे, त्यांवर पाय न ठेवणे, समुद्रात कचरा न सोडणे हे तर आपल्या हाती आहे. शासनानेही नियम ठरवताना मच्छीमारांना प्रथम विश्वासात घ्यावे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे, त्यांना दूर ठेवून समुद्राचे रक्षण होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.