स्वेच्छेचा नारळ

नोकरीवरून काढण्याला आपण 'नारळ देणे' म्हणतो. पाहुण्याला निरोप देताना हातात नारळ ठेवतात, त्यावरूनच हे निघालं असणार. फरक इतकाच, की पाहुणा आपल्या घरी जातो आणि घर चालू राहतं. तरी शब्द प्रामाणिक आहे. ज्याला नारळ मिळाला, त्याला तो मिळाल्याचं कळतं. (१९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या हजारो गिरणी कामगारांना तर तोही मिळाला नाही. गेटच उघडलं नाही.)

साहेबी शब्दांचं तसं नाही. 'रिट्रेंचमेंट' मुळात फ्रेंच, अर्थ छाटणं. इंग्रजीत किल्ल्याच्या आतल्या तटबंदीलाही हाच शब्द. म्हणजे साहेब तटाच्या आत आणि आपण बाहेर! 'डाउनसायझिंग' १९७० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी निघालं. पेट्रोल महागलं, गाड्या लहान करा. पुढे गाड्या पुन्हा फुगल्या, लहान करायला माणसं उरली.

पण माझं खरं भांडण 'व्हीआरएस'शी आहे. म्हणे स्वेच्छानिवृत्ती! १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीची व्याख्या घातली, तीत स्वेच्छेने जाणारा धरलेलाच नव्हता. म्हणजे 'स्वेच्छा' एवढं लेबल चिकटवलं, की कपात ही कपातच नाही. अहो, खर्च या खात्यातून त्या खात्यात टाकला म्हणून तो वाचत नाही, हे आम्हाला एफवायबीकॉमलाच शिकवतात!

२०००-०१ साली सरकारी बँकांतून लाखभर माणसं अशी 'स्वेच्छेने' बाहेर पडली. काही खुशीने गेली, नाही कशाला म्हणू? मी तेव्हा कॉलेजात होतो. गिरगावात आमच्या शेजारचे काका बँकेत होते. त्यांना साहेबांनी बोलावून चहा पाजला आणि प्रेमाने विचारलं, "बदली झाली तर लांब जायला जमेल ना?" मुलगी दहावीला, आई अंथरुणाला. चहा संपायच्या आत काकांना स्वेच्छा झाली.

निरोपाच्या दिवशी ते शाल आणि श्रीफळ घेऊन घरी आले. काकूंनी नारळ कानाशी हलवून पाहिला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत स्वतःच्या इच्छेने कधी कोथिंबिरीची जुडी आणली नाहीत. ही एवढी मोठी इच्छा तुम्हाला झाली कधी?"

काका शालीची घडी घालत बसले.