अकरावे वचन आणि त्याआधीची दहा

गेल्या काही वर्षांत बायबलमधले एक वचन दिनदर्शिकांवर, भेटकार्डांवर आणि मोबाइलवरच्या शुभेच्छांत फार दिसू लागले आहे. ख्रिस्ती स्नेह्यांच्या दिवाणखान्यात ते चौकटीत लावलेले असतेच. आता आपल्यातले व्याख्यातेही विद्यार्थ्यांच्या गुणगौरवात किंवा निवृत्तिसमारंभात ते सुभाषितासारखे फेकतात. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एकोणतिसाव्या अध्यायाचे हे अकरावे वचन. ईश्वराच्या मनात तुमच्या हिताची योजना आहे आणि पुढचा काळ आशेचा आहे, असा त्याचा आशय. यावरून श्रोत्याने समजायचे ते हे, की परीक्षेत यश येईल, बढती मिळेल, घरातले दुखणे लवकरच सरेल. हा अर्थ केवळ अपुरा नाही. यिर्मयाने ज्या मताविरुद्ध हयातभर भांडण मांडले, तेच मत त्याच्या तोंडी घालणारा हा अर्थ आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

हे वचन सुभाषित नव्हे, एका पत्रातले वाक्य आहे. शासकीय सेवेत तीन तपे काढलेल्या माणसाला पत्र म्हटले की आधी तीन प्रश्न सुचतात: कोणी लिहिले, कोणाला, आणि केव्हा? नस्तीतली मागची पाने न उलटता शेवटच्या टिप्पणीवर सही ठोकणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही काय म्हणत असू, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. तरुण राजा यकन्या, राजमाता, दरबारी आणि कारागीर यांना त्याने बाबेलला नेले व मागे सिद्कीया नावाचा मांडलिक गादीवर बसविला. ही केवळ पोथीतली कथा नव्हे. बाबेलच्या स्वतःच्या बखरीत, मातीच्या पाटीवर, या स्वारीची नोंद आहे. आणि बंदिवान यकन्याला राजकोठारातून तेलाचा शिधा मिळत असल्याच्या पाट्या उत्खननात सापडून १९३९ मध्ये प्रसिद्धही झाल्या. अशा नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पत्र धाडले. सिद्कीयाचे जे वकील नबुखद्नेस्सरकडे निघाले होते, त्या एलासा आणि गमऱ्या यांच्या हाती ते गेले. आजच्या भाषेत, सरकारी टपालातून.

पत्रात प्रसिद्ध वचनाच्या आधी काय आहे? घरे बांधून राहावे, बागा लावून त्यांची फळे खावीत, लग्ने करावीत, मुलामुलींची लग्ने लावावीत, आणि ज्या शहरात आणून टाकले त्याच शहराचे हित चिंतावे, त्यासाठी प्रार्थना करावी. मग दहाव्या वचनात मुदत येते: सत्तर वर्षे. हे पत्र ऐकणाऱ्या तिशी-चाळिशीच्या गृहस्थाला हिशेब लगेच कळला असणार. तो स्वतः परत जाणार नव्हता. आशा होती ती समाजाला, त्याच्या नातवंडांना.

त्याच काळात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा यरुशलेमच्या मंदिरात उलट ग्वाही देत होता. दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल आणि सारे परत येतील, असे सांगून त्याने यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू सर्वांदेखत मोडले. लवकरच सारे गोड होईल, हा संदेश हनन्याचा! आज भेटकार्डावर नाव यिर्मयाचे आणि मजकूर हनन्याचा छापला जातो.

समकालीनांनी पत्रातले मुख्य कलम कोणते मानले, याचा पुरावाही त्याच अध्यायात आहे, पण तेथवर कोणी वाचीत नाही. बाबेलमधल्या शमायाने यरुशलेमच्या याजकाकडे लेखी तक्रार केली, की या यिर्मयाला अजून आवरले का नाही? तक्रारीत त्याने वाक्य काढले ते घरे बांधण्याचे आणि बागा लावण्याचे. अकराव्या वचनाने त्याची झोप उडाली नव्हती. पाचव्याने उडाली होती.

आणखी एक खुबी भाषेची. मुळातल्या हिब्रूत तेथे अनेकवचनी सर्वनाम आहे, आणि ते आदरार्थी नव्हे. इंग्रजीत एकवचन-अनेकवचन एकच झाल्यामुळे वाचक फसतो; आपल्या मराठीत 'तुम्ही' आदरासाठीही वापरतात, म्हणून आपण फसतो. हे आश्वासन मला एकट्याला, असे वाटू लागते. त्यात वचनांना आकडे! अध्यायांचे आकडे यिर्मयानंतर सुमारे अठराशे वर्षांनी पडले, वचनांचे त्याहूनही उशिरा. पण सुटे वचन उचलून नेण्याची सोय त्यांनीच केली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला ख्रिस्ती स्नेह्यांचा: अशी चिरफाड श्रद्धेला मारक आहे. त्यांना पंडिता रमाबाईंचे उदाहरण द्यावेसे वाटते. भागवत मुखोद्गत असलेली ही विदुषी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि सबंध बायबलचे तिने सोप्या मराठीत भाषांतर केले. ते तिच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची श्रद्धा मुळाकडे गेल्याने उणी झाली असे कोणी म्हणेल काय? दुसरा आक्षेप आपल्यांचा: परधर्मीयांच्या ग्रंथात एवढे खोल जाऊन आपल्याला काय करायचे? काही करायचे नसेल तर उद्धृतही करू नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकाचा पहिलाच चरण पगारवाढ मागणाऱ्या कारकुनाच्या तोंडावर मारणारे वरिष्ठ आपण पाहिले आहेत, आणि तेव्हा आपल्याला चीड आली आहे. ती चीड इतरांच्या ग्रंथाबाबत का येऊ नये?

त्या पत्राचे पुढे काय झाले, याची साक्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे शंभर मृत्तिकापाट्या देतात. बाबेलच्या ग्रामीण भागात आल्-याहूदू, म्हणजे यहूदानगर, अशी वस्ती होती. तेथल्या यहुदी नावांच्या माणसांचे जमिनीचे करार, खजुराचे आणि जवाचे हिशेब त्यांत आहेत. आपली घराणी होळकर, शिंदे, गायकवाडांच्या मागून चाकरीसाठी आली. त्यांना कोणी कैद करून आणले नव्हते, म्हणून साम्य ताणू नये. पण पाचवे आणि सातवे वचन इंदूर-बडोद्याच्या मराठी माणसाला टीकाकाराच्या मदतीवाचून कळावे.

मंडळाच्या पुढील गुणगौरवाच्या पत्रिकेवर हे वचन छापायचेच असेल तर पाचव्यापासून छापावे, आणि सत्तर वर्षांचे दहावे जागा पुरत नाही म्हणून गाळू नये.