हॉटेलचा हिशेब आता नुसत्या टॅलीवर भागत नाही, बी.कॉम. पोरांना जिल्ह्यातच संधी, पण अटी बघून

कोरेगाव : तालुक्यात बी.कॉम. झालं की पोरापुढं ठरलेल्या वाटा असतात. पतसंस्था, साखर कारखाना, साताऱ्यात सी.ए.च्या ऑफिसात टॅली, नाहीतर पुण्याची गाडी. महाबळेश्वर, पाचगणी, तापोळा, कास आपल्याच जिल्ह्यात आहे. पण हॉटेलात नोकरी म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर वेटर नाहीतर ड्रायव्हर येतो. हिशेबाचं टेबल कुणाला दिसत नाही. २०२५ मध्ये जीएसटीचे नियम बदलल्यापासून त्याच टेबलाचं काम जास्त किचकट झालंय आणि जाणकार माणसाची गरज वाढली आहे.

७,५०० रुपयांची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ४,००० च्या खोलीवर आधी ४८० रुपये कर होता, आता २०० आहे. गिऱ्हाईक खूश. पण मालकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. ४०,००० चा एसी घेतला की त्यावरचे ७,२०० रुपये सरळ खर्चात जातात.

७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के, आणि तिथं वजावट मिळते. कर प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर लागतो. म्हणजे तीच खोली पावसाळ्यात ५,००० ला दिली तर ५ टक्के, नाताळात ८,५०० ला दिली तर १८ टक्के. एकाच हॉटेलात दोन्ही दर असले की वजावटीची वाटणी करावी लागते.

जेवणाचंही तसंच. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार मागच्या आर्थिक वर्षात एक जरी खोली ७,५०० च्या वर गेली असेल, तर त्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला ५ ऐवजी १८ टक्के लागतात. ३१ डिसेंबरच्या एका रात्रीसाठी भाव वाढवला आणि पुढचं वर्षभर थाळी महाग झाली, असं होऊ शकतं. हे मालकाला आधी सांगणारा माणूस हिशेबाच्या टेबलावरच बसलेला असतो.

काम नेमकं काय?

सुरुवात बहुतेक नाईट ऑडिटर म्हणून होते. रात्री दिवसाचा हिशेब बंद करायचा. किती खोल्या गेल्या, रोख किती, यूपीआय आणि कार्डाचे किती, आगाऊ किती. ऑनलाइन बुकिंग कंपनी आपलं कमिशन कापते. वर नोंदणीकृत हॉटेलचा ०.१ टक्के टीडीएस आणि ०.५ टक्के टीसीएस कापून उरलेले पैसे पाठवते. ते एकेक करून जुळवायचे.

पुढचं काम स्टोअर आणि स्वयंपाकघराचं. पनीर किती आलं, ताटं किती गेली, तूट कुठं पडली. बाजार समितीची पट्टी वाचून हमाली, तोलाई, अडत तपासणाऱ्या घरातल्या पोराला हे परकं नाही. तिथून पुढं अकाउंट्स मॅनेजर आणि मोठ्या हॉटेलात फायनान्शियल कंट्रोलरपर्यंत वाट जाते. मोठ्या हॉटेलांची हिशेबाची एक ठरावीक पद्धत १९२६ मध्ये न्यूयॉर्कला तयार झाली. ती जगभर वापरली जाते, त्यामुळं इथं शिकलेलं गोवा किंवा दुबईतही कामाला येतं.

अडचणीही आहेत

कोरेगावहून महाबळेश्वर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, त्यात घाट. रोज ये-जा जमत नाही. राहायची आणि जेवायची सोय नसेल तर निम्मा पगार खोलीभाड्यात जाईल. मुलींच्या बाबतीत घरचे रात्रपाळीला बिचकतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत महिलेला तिच्या संमतीनं आणि सुरक्षेची सोय करूनच कामावर ठेवता येतं. हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

पावसाळ्यात हंगाम बसतो, तेव्हा बरेच कामगार गावी परततात. पण दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेची जीएसटी विवरणपत्रं पाऊस बघून थांबत नाहीत. त्यामुळं हिशेबाचं काम बारमाही आहे. तरी नेमणूकपत्र हातात घ्यावं आणि त्यात बारा महिन्यांचा पगार लिहिलाय का ते बघावं. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफचंही विचारावं.

एक धोका वेगळा. कुठं पक्की बिलं एका वहीत आणि रोखीचं दुसऱ्या वहीत असेल, तर तिथं थांबू नये. हॉटेलच्या जीएसटी खात्याचा ओटीपी स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नये. उद्या चौकशी आली तर पहिला फोन त्याच नंबरवर येईल.

कॉलेजची उन्हाळी सुट्टी आणि महाबळेश्वरचा हंगाम एकाच वेळी येतो. शेवटच्या वर्षाच्या पोरांना दोन महिने हॉटेलच्या हिशेबात बसवायचं कॉलेजांनी ठरवलं, तर पदवीसोबत अनुभवही हातात येईल. तोवर एक्सेल, जीएसटी विवरणपत्रं आणि बँक ताळमेळ या तीन गोष्टी पक्क्या करायला कुणाची परवानगी लागत नाही.