आपल्यानंतर त्यांचे काय?

अपंग मुलामुलींच्या आईवडिलांना एक प्रश्न रात्रंदिवस छळत असतो : आपण आहोत तोवर ठीक आहे, आपल्यानंतर याचे काय? मूल लहान असते तेव्हा शाळा, उपचार आणि प्रमाणपत्रे यांच्या धावपळीत हा प्रश्न मागे पडतो. मुलगा चाळिशीत आणि आई सत्तरीत पोहोचली की तोच प्रश्न दारात येऊन उभा राहतो. मुलाला उचलून खुर्चीत बसवणे तिला आता जमत नाही. भावंडांचे संसार वेगळे झालेले असतात. मग नातलग एकच मार्ग सुचवतात : एखाद्या आश्रमात ठेवा. असे सुचवणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. दुसरी कोणतीही सोय त्यांना ठाऊक नसते. ती सोय का नाही आणि ती कशी उभी राहू शकेल, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

कायद्याच्या पातळीवर या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळाले आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अधिकृत मान्यता दिली. त्याला अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमानुसार अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहावे, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. घरच्या घरी मिळणारी मदत, निवासाची सोय आणि व्यक्तिगत साहाय्यक अशा सेवा तिला उपलब्ध व्हाव्यात, असेही हे कलम सांगते. अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी अडतिसावे कलम आहे. त्याखाली अर्ज करून आपल्या गरजेची तपासणी करून घेता येते.

येथे 'स्वतंत्र जीवन' या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कोणाचीही मदत न घेता जगणे, असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे जवळजवळ सारे शरीर निकामी झाले. झोपताना त्यांना श्वासोच्छ्वासाच्या यंत्रात राहावे लागे. तरीही ते १९६२ साली बर्कली येथील विद्यापीठात शिकू लागले. पुढे १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच 'स्वतंत्र जीवन केंद्र' उभे केले. अपंगांना साहाय्यक शोधून देणे, सोयीचे घर मिळवून देणे आणि हक्कांची माहिती देणे ही या केंद्राची कामे होती. ते चालवणारे स्वतः अपंग होते. कपडे कोण घालून देतो याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. कोणते कपडे घालायचे हे कोण ठरवतो, याला होते. हा विचार पुढे अनेक देशांच्या कायद्यांत उतरला. स्वीडनमध्ये १९९४ पासून तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तीला व्यक्तिगत साहाय्यक मिळणे हा कायदेशीर हक्क आहे.

आपल्याकडे मात्र ही सेवा एकटे कुटुंबच देते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार सुमारे ६२ टक्के अपंगांची काळजी घेणारे कोणीतरी होते. हे 'कोणीतरी' बहुतेक घरांत आई, पत्नी किंवा बहीण असते. तिला पगार नाही, रजा नाही आणि आजारी पडण्याची मुभाही नाही.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासातर्फे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना चालवली जाते. प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' ही योजना आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील अपंगांचे मासिक साहाय्य राज्य शासनाने २०२५ साली १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केले. परंतु त्यात पूर्णवेळ मदतनीस ठेवता येत नाही. शिवाय पैसा हातात असला, तरी गावात प्रशिक्षित माणूस हवा, दिवसभर जाऊन बसता येईल असे केंद्र हवे आणि आईला आठवडाभर विसावा देणारी सोय हवी. अनुदान आणि सेवा या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिली थोडीफार मिळते; दुसरी क्वचितच आढळते.

हे अशक्य आहे काय? केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्था 'कुटुंबश्री'च्या साहाय्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी 'बड्स' शाळा व पुनर्वसन केंद्रे चालवतात. मूल सकाळी केंद्रात जाते आणि संध्याकाळी आपल्याच घरी परतते. अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यालाही तेथे 'आश्वासकिरणम्' योजनेतून मासिक साहाय्य मिळते. ती रक्कम लहान आहे. परंतु घरातील सेवा हेही श्रम आहेत, हे त्यातून मान्य झाले आहे.

निवासी संस्थांचे ऋण आपण विसरू नये. बदलापूरची 'आधार' ही संस्था तर 'आपल्यानंतर काय?' या चिंतेतून पालकांनीच उभी केली. ज्यांना कोणीच नाही, त्यांना अशा घरांची गरज राहणारच. मात्र संस्थेत जाणे ही निवड असावी. दुसरे काहीच नाही म्हणून घ्यावा लागलेला निरोप नसावा.

महाराष्ट्रात यासाठी एक साधन हाताशी आहे. ग्रामपंचायती व नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवावा, असा शासनाचा नियम आहे. या पैशातून वर्षाअखेरीस वस्तूंचे वाटप करून मोकळे होता येते. त्याच पैशातून शेजारच्या चार गावांनी मिळून एखादे दिवसकेंद्र किंवा दोन प्रशिक्षित मदतनीसही नेमता येतील. यांपैकी काय व्हावे, हे ग्रामसभेत ठरते; आणि ग्रामसभेत आपणही मतदार म्हणून बसतो.

धर्मग्राम म्हणूनही आपली एक बाजू आहे. अंथरुणावरील आजाऱ्यांना घरी पवित्र कम्युनियन नेणाऱ्यांना कोणत्या घरात कोण खिळून आहे आणि त्याची काळजी कोण घेते, हे ठाऊक असते. सरकारी यादीत नसलेली ही माहिती आपल्याकडे आहे. तिच्या आधारे प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने महिन्यातून एक दिवस एका आईला मोकळा करून दिला, अर्ज भरून दिला, मंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला, तर आरंभ होईल. मात्र मदत कोणती हवी, हे आपण ठरवू नये. त्या घरी जावे, खुर्चीत बसलेल्या व्यक्तीलाच विचारावे आणि तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे.