जुन्या गाडीचे इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

सायलेन्सरमधून निळा धूर येणे म्हणजे ऑइल जळणे. पण तेवढ्यावरून ‘इंजिन गेले’ म्हणणे घाईचे. दोष पिस्टन रिंगचा असेल किंवा तुलनेने स्वस्तातल्या व्हॉल्व्ह सीलचाही. म्हणून इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. ब्लॉक शाबूत असेल तर दुरुस्तीच शहाणपणाची. त्याला तडा गेला असेल, तर बदलाचा विचार करावा. मात्र जुन्या बाजारातले इंजिन बसवताना आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद हवीच. नाहीतर विम्याचा दावा अडकू शकतो. नोंदणीची १५ वर्षे संपत आली असतील, तर फेरनोंदणी आणि महाराष्ट्रातला पर्यावरण करही हिशेबात धरावा. एकूण खर्च गाडीच्या बाजारभावाजवळ पोहोचत असेल, तर गाडीचा मोह सोडलेला बरा.