फॉरमॅट मारण्याआधी लॅपटॉप उघडून बघा

२५ मे २०२४ रोजी अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे कलम १४४ लागू केले. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. खासगी शिकवण्या सकाळी दहापर्यंत किंवा संध्याकाळी पाचनंतरच घ्याव्यात, कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे द्यावेत, असे ते आदेश ३१ मेपर्यंत होते. माणसांसाठी हे करणे गरजेचेच होते. त्याच दिवसांत अकोला-अमरावतीच्या घरांत, दुकानांत आणि सेतू केंद्रांत लॅपटॉप मात्र रोजच्यासारखे चालू होते. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते : वापरताना भोवतालचे तापमान जास्तीत जास्त ३५ अंश सेल्सिअस.

वऱ्हाडात मार्चच्या शेवटापासून मृगाच्या सरी येईपर्यंत दुपारी ३५ अंश म्हणजे गारवा.

लॅपटॉप स्लो झाला, बॅटरी टिकत नाही, या तक्रारीचा विचार इथूनच सुरू करायला हवा. दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक येते आणि रोग न सांगता थेट औषधच मागते : ‘भाऊ, हा लय हँग मारून राहिला. चार्जर काढला का बंदच पडते. फारमेट मारून द्या.’ दुकानदारही घाईत असतो. फॉरमॅट मारला जातो, विंडोज नव्याने टाकले जाते, आठ-पंधरा दिवस मशीन बरे चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग पुढचा सल्ला ठरलेला, की आता नवा घ्या. कापसाला भाव नसलेल्या वर्षी हा सल्ला घराला चाळीस-पन्नास हजारांचा पडतो, आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो.

मंदावणे आणि बॅटरी उतरणे या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण वऱ्हाडात त्यांचे मूळ अनेकदा एकच असते, ते म्हणजे उष्णता. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉपमधल्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की वेग आपोआप उतरतो, म्हणजे मालकाला मशीन ‘हँग’ झाल्यासारखे वाटते. तिकडे पंखा पूर्ण जोराने फिरत राहतो, काम रेंगाळते म्हणून स्क्रीन जास्त वेळ जळते आणि ही सगळी वीज बॅटरीतूनच जाते. शिवाय खोलीतली हवाच ४० अंशांची असेल, तर पंखा आत ओढणार तीच हवा.

पाच-सहा वर्षे वापरलेला लॅपटॉप टेबलावर उलटा करून मागचे झाकण काढले की पुष्कळ गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पंख्याच्या पात्यांवर काळपट धूळ असते. पंखा आणि तांब्याच्या नळीपुढच्या बारीक जाळीच्या मधोमध धूळ, केस आणि सुताचे तंतू दाबून बसून त्यांचा नमदा तयार झालेला असतो. तो चिमट्याने धरला तर एका तुकड्यात बाहेर येतो. हवा जायची वाटच त्याने बुजवलेली असते. प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती पानाच्या डबीत वाळलेल्या चुन्यासारखी कोरडी आणि भेगाळलेली सापडते. ब्रश, ब्लोअर आणि नवी पेस्ट, एवढ्यावर अर्ध्या तासाचे हे काम. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, एवढी काळजी मात्र घ्यावी, नाहीतर पंखा उलटसुलट गरगर फिरून त्याचे बेअरिंग जाते. उन्हाळा लागायच्या आधी, होळीच्या सुमारास, घरोघरी कूलरच्या ताट्या बदलतात. लॅपटॉपची ही सफाईही त्याच आठवड्यात व्हायला हवी.

कूलरचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट इथल्यांनी खास लक्षात ठेवावी. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवणे धोक्याचे. झोतासोबत पाण्याचे तुषार येतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, भूजल खारे आहे. ताटीवर क्षारांचा पांढरा थर कसा चढतो हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेच पाणी तुषारांतून सर्किटवर बसू नये. कूलर खोलीत असावा, पण लॅपटॉप झोताच्या बाजूला, कडक आणि सपाट पृष्ठभागावर. गादीवर किंवा उशीवर ठेवला की खालची जाळी बंद होते, आणि मग कितीही सफाई केली तरी उपयोग नाही.

आता हार्ड डिस्क. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी घराघरांत लॅपटॉप आले. त्यांतल्या स्वस्त मॉडेलांत एक टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम हा ठरलेला जोड होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. काही काम चालू नसताना तिथे ‘डिस्क’खाली बराच वेळ १०० टक्के दिसत असेल, तर सगळा लॅपटॉप डिस्कची वाट पाहत थांबला आहे, असे खुशाल समजावे. फिरत्या डिस्कला एक तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी. जुन्या लॅपटॉपवर करण्याजोगा एकच खर्च निवडायचा झाला, तर तो एसएसडीचा. दोन-तीन मिनिटे सुरूच न होणारे मशीन त्यानंतर अर्ध्या मिनिटात कामाला लागते. रॅम चारची आठ करणेही चांगलेच, पण २०२५च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव कडाडले, तेव्हा आधी एसएसडी टाकून महिनाभर बघावे. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ यादी असते. तिथे आपोआप सुरू होणारे निम्मे प्रोग्राम बंद करायला पैसाही लागत नाही. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढून टाकावा.

चार्जर कुणी तपासत नाही, आणि तिथेच पुष्कळ जण फसतात. काही लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात. बाजारातला डुप्लिकेट चार्जर ओळखता आला नाही, तर ते बॅटरी चार्ज करत नाहीत आणि प्रोसेसरचा वेगही उतरवून ठेवतात. मालकाला वाटते बॅटरी गेली आणि मशीनही गेले. दुकानातला त्याच कंपनीचा, तितक्याच वॅटचा चार्जर दोन मिनिटे लावून पाहिला की शंका फिटते.

बॅटरी खरोखर गेली आहे का, हे अंदाजाने ठरवायचे कारणच नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ असा आदेश रोमन अक्षरांत टाइप केला की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे बघायचे : डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ४१,००० मिलिवॅट-तास आहे आणि दुसरा १८,०००, तर बॅटरीत मूळच्या निम्मीही ताकद उरलेली नाही. मग सेटिंग कितीही बदला, फरक पडणार नाही, बॅटरी बदलावीच लागेल. दुसरा आकडा ३५,००० असेल तर दोष बॅटरीत नाही, तो धुळीत, डिस्कमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये शोधावा. नवी बॅटरी बसवल्यावर दुकानातच हा अहवाल पुन्हा काढावा. ‘कम्पॅटिबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर छापलेला आकडा आणि अहवालातला आकडा जुळतो का, ते पैसे देण्याआधी कळते.

लिथियम-आयन बॅटरीला वऱ्हाडचा उन्हाळा का मानवत नाही, याचे कारण रसायनात आहे. तापमान वाढले की आतल्या द्रावणाच्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, त्यात लिथियम अडकून पडते आणि साठवणूक कायमची घटते. पूर्ण चार्ज असताना ही झीज अधिक. बॅटरी-तपासणीची उपकरणे बनवणाऱ्या कॅनडातल्या कॅडेक्स कंपनीने प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर सुमारे ८० टक्के क्षमता उरते, ४० अंशांत सुमारे ६५ टक्केच. तीच बॅटरी ४० टक्के चार्जवर ठेवली तर ४० अंशांतही ८५ टक्के उरते. म्हणजे उन्हाळ्यात रात्रंदिवस चार्जर लावून बॅटरी शंभर टक्क्यांवर ठेवणे, ही बॅटरी मारायची सर्वांत खात्रीची रीत. कित्येक लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते. ती चालू करावी, आणि मे महिन्यात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये.

एवढे सारे घरगुती लॅपटॉपसाठी. सेतू केंद्रातला लॅपटॉप बंद पडतो तेव्हा नुकसान रांगेतल्या शेतकऱ्याचे होते. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला आणि राज्यात सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज भरले गेले. ३१ जुलैची मुदत तीन दिवसांनी वाढवावी लागली. त्या दिवसांत सर्व्हर अडखळत होता हे सगळ्यांना माहीत आहे. पण सर्व्हर चालू झाल्यावर लाइन जाते, लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटेही धरत नाही आणि अर्धा भरलेला अर्ज सातबाऱ्यापासून पुन्हा भरावा लागतो, हे नुकसान कुठल्या अहवालात येत नाही. सोयाबीन-कपाशीची कामे टाकून आलेल्या माणसाचा तो दिवस जातो. मेळघाटात तर दुरुस्तीसाठी घाट उतरून परतवाडा किंवा अमरावती गाठावी लागते. धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले. अशा प्रकल्पांत यंत्रे बसवण्याचा समारंभ होतो, पण तीन वर्षांनी त्यांच्या बॅटऱ्या कोण बदलणार, याची तरतूद करारातच असायला हवी.

त्यात विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतो. त्याआधीचे लॅपटॉप धडधाकट असूनही कागदोपत्री बाद ठरले. सुरक्षा अद्यतने आणखी एक वर्ष मिळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण नोंदणी स्वतः करावी लागते. नुसते लिखाण, अभ्यास आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा चांगला, फुकट पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्स वापरत आल्या आहेत. सेतू केंद्रांना मात्र तो सहसा चालत नाही, कारण बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीचे टोकन बहुधा विंडोजवरच नीट चालतात.

म्हणून हा प्रश्न ग्राहकाच्या काळजीवर सोडून भागणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकासाठी दुसरी समिती सप्टेंबर २०२४मध्ये नेमली गेली, तिचा अहवाल मे २०२५मध्ये आला. पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ रोजी असा निर्देशांक लागू केला, तेव्हा लॅपटॉप पहिल्याच यादीत होते. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असा नियम आहे. तेच लॅपटॉप चिकटवलेल्या बॅटरीसह अकोल्यात का विकले जावेत?

भारतातल्या निर्देशांकात लॅपटॉप पहिल्याच टप्प्यात हवेत. खोक्यावर बॅटरीची किंमत आणि ती किती वर्षे मिळेल हे छापलेले हवे, आणि ४५ अंशांच्या हवेत मशीन किती वेगाने चालते, तेही. अमरावती आणि अकोला दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतने आहेत. त्यांनी दर मार्चमध्ये सेतू केंद्रांच्या आणि जिल्हा परिषद शाळांच्या लॅपटॉपांसाठी सफाई-तपासणीचे शिबिर घ्यावे. विद्यार्थ्यांना हात बसेल आणि जुलैच्या रांगेत लॅपटॉप दगा देणार नाहीत. दोन्ही जिल्हा प्रशासनांना यासाठी नव्या योजनेची गरज नाही, एका परिपत्रकाने हे होऊ शकते.

वाचकांनी मात्र शिबिराची वाट पाहू नये. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा मागचे झाकण फुगले असेल, तर लॅपटॉप आजच बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी दुकानातच काढून घ्या. ती टोचू नका, दाबू नका आणि घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दबलेली लिथियम बॅटरी पेट घेते.